शिळं, ताजं आणि साखर : आइसिंगच्या केकच्या निमित्ताने



पत्रिकेवरचा विषय वाचून काही जणांना हसू आलं असेल. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, आणि बोलणार कशावर, तर आइसिंगचा केक टिकवायचा कसा यावर! खरं सांगायचं तर मी कार्यकर्त्यांना ‘शिळं म्हणजे काय?’ असा विषय दिला होता. ते म्हणाले, सर, जरा रोजच्या व्यवहारातलं काहीतरी घ्या, लोक येतील. मग म्हटलं, वाढदिवसाचा उरलेला केक घेऊ. विषय तोच राहतो, फक्त वर क्रीम लागतं. (हशा)

आता हा उरलेला केक डोळ्यांसमोर आणा. रात्री अकराला वाढदिवस उरकलेला असतो. एक किलोतला पाव किलो पोटात गेला, थोडा तोंडाला फासला गेला, बाकीचा पुठ्ठ्याच्या खोक्यासकट फ्रिजमध्ये. शेजारी चिरलेला कांदा, खाली लसणाची चटणी. दुसऱ्या दिवशी काढला तर पाव दगडासारखा, क्रीम वरून वाळलेलं आणि वास कांद्याचा. तिसऱ्या दिवशी आपण म्हणतो, खराब व्हायच्या आत कामवाल्या मावशींना देऊन टाकू. या साध्या गोष्टीत रसायनशास्त्र आहे, इतिहास आहे आणि नीतिशास्त्रही आहे. मला तिन्हींबद्दल बोलायचं आहे, पण सारखा वेळ देणार नाही, तेवढं चालवून घ्या.

सुरुवात आपल्या गावापासून करू, कारण श्रीपुरात बसून साखरेवर न बोलणं म्हणजे पंढरपुरात जाऊन चंद्रभागा न पाहण्यासारखं आहे. १९३२ साली ब्रिटिश सरकारने साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा केला, बाहेरच्या साखरेवर जबर जकात बसली. त्याआधी देशात आधुनिक कारखाने होते तीस-बत्तीस, चार-पाच वर्षांत ते शंभराच्या वर गेले. भाटघरच्या धरणाचं पाणी नीरेच्या उजव्या कालव्याने आपल्या माळशिरस तालुक्याकडे आलं, आणि जिथे कुसळं उगवत होती तिथे ऊस उभा राहिला. माळीनगरला सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी कारखाना काढला. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली आणि तिचा कारखाना इथे, श्रीपूरला उभा राहिला. प्रवरेचा सहकारी कारखाना, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ, हे सगळं १९५० च्या आसपासचं, म्हणजे नंतरचं. आज इथे पांडुरंग सहकारी कारखान्याचा भोंगा वाजतो, पण या मातीला साखरेची सवय त्याच्या आधीची आहे.

त्याआधी आपल्या आजीपणजीच्या घरात पांढरी साखर यायची ती जावा आणि मॉरिशसची. ‘मोरस साखर’ हा शब्द म्हाताऱ्या माणसांना अजून आठवेल, तो मॉरिशसवरून आला. वंगभंगानंतर स्वदेशीची चळवळ झाली तेव्हा या साखरेवर मोठा आक्षेप होता, की ती हाडांच्या कोळशातून गाळून पांढरी करतात. आक्षेप अगदीच हवेतला नव्हता, परदेशी शुद्धीकरणात हाडांचा कोळसा वापरत असत. आपल्याकडच्या कारखान्यांत रस स्वच्छ करतात तो चुना आणि गंधकाच्या धुराने. तेव्हा साखर स्वदेशी आणि सोवळी, दोन्ही झाली. आइसिंगला लागणारी पिठीसाखर म्हणजे हीच साखर दळून, गोळे होऊ नयेत म्हणून तीत थोडं मक्याचं पीठ घातलेली.

आता साखर टिकवते म्हणजे काय करते? पुष्कळांना वाटतं, साखर जंतूंना मारते. नाही. ती त्यांचं पाणी तोडते. नेहमीच्या तपमानाला एक भाग पाण्यात जवळजवळ दोन भाग साखर विरघळते, इतकी ती पाण्याला धरून ठेवणारी आहे. ते पाणी डोळ्यांना दिसतं, बोटाला लागतं, पण जंतूच्या वाट्याला येत नाही. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या विल्यम जेम्स स्कॉट या शास्त्रज्ञाने हे नीट मांडलं: पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा मोकळं पाणी किती आहे, यावर त्याचं टिकणं ठरतं. मला हे वाचून गंमत वाटली, कारण आपल्या बायका हे पाकाच्या तारेवरून मोजत होत्याच. एकतारी पाक, दोनतारी पाक, गोळीबंद पाक. बोटांत धरून ओढायचा आणि तार किती येते ते पाहायचं. पाकातली पुरी कोणत्या पाकात टाकायची, साखरआंबा किती आटवायचा म्हणजे पुढच्या पाडव्यापर्यंत बुरशी येणार नाही, हे ठरवणारी ती तार म्हणजे मोकळ्या पाण्याचं मापच होतं. मापाला आकडा नव्हता एवढंच. मोरंबा हा शब्द बाहेरून आला, अरबी-फारसीतून, पण त्याचा पाक कुठे थांबवायचा हे घराघरातल्या बोटांना ठाऊक होतं.

याच हिशेबात आपल्याकडचं निखळ साखरेचं खाणं बसतं. पाडव्याची गाठी, संक्रांतीचा हलवा, पंढरपूरचे बत्तासे. चुरमुरे-बत्तासे घेऊन वारकरी आठ-पंधरा दिवसांनी घरी पोचला तरी प्रसाद खराब होत नाही. त्याचे शत्रू दोनच, ओल आणि मुंग्या. आमच्या लहानपणी जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत. मुंगी पोहू शकत नाही एवढ्या एका ज्ञानावर लाडू महिनाभर टिकत.

युरोपातही आइसिंग जन्माला आलं ते बरंचसं टिकवण्याच्या खटाटोपातून. आपण ते सजावट समजतो. १७६९ साली एलिझाबेथ रॅफाल्ड नावाच्या इंग्रज बाईंनी स्वयंपाकाचं पुस्तक काढलं, त्यात लग्नाच्या केकवर आधी बदामाच्या लगद्याचा थर आणि त्यावर अंड्याचा पांढरा बलक व साखर यांचं आइसिंग द्यायची कृती आहे. हे आइसिंग वाळलं की चुन्याच्या गिलाव्यासारखं होतं. आत सुकामेवा आणि दारू पाजलेला केक, वर गिलावा. हवा नाही, ओल नाही. म्हणून तिकडे लग्नाच्या केकचा वरचा मजला पहिल्या बाळाच्या बारशापर्यंत राखून ठेवायची रीत पडली. व्हिक्टोरिया राणीच्या १८४० च्या लग्नातला केकचा तुकडा २०१६ साली लिलावात विकला गेला. अंटार्क्टिकावर केप अडेअर इथल्या झोपडीत २०१७ मध्ये पत्र्याच्या डब्यातला फ्रूटकेक सापडला, स्कॉटच्या मोहिमेतला, शंभर वर्षांवरचा. शोधणाऱ्यांच्या मते तो जवळजवळ खाण्याजोगा दिसत होता. खाल्ला कुणी नाही, हा शहाणपणा. (हशा) गोव्याची बिबिंका याच घराण्यातली समजा. तूप, साखर, नारळाचं दूध, थरावर थर, आणि दिवसेंदिवस टिकणारी.

पण आपल्या अकलूजच्या, वेळापूरच्या दुकानातला केक या घराण्यातला नाही. तो मऊ, ओला, वर फुगवलेलं क्रीम. हे क्रीम बहुतेक वेळा दुधाचं नसतंच. १९४५ साली अमेरिकेतल्या बफेलो शहरात रॉबर्ट रिच या माणसाने सोयाबीनपासून फेटता येणारं क्रीम बनवलं. प्रवासात ते गोठून गेलं, त्याने ते तसंच फोडून फेटून पाहिलं, तर ते झकास फुगलं. दुधाचं क्रीम गोठलं की फाटतं, हे फाटत नाही. आज वनस्पती तेलापासून केलेलं असं क्रीम गोठलेल्या खोक्यांतून तालुक्याच्या गावापर्यंत येतं, म्हणूनच उन्हाळ्यातही केकवर गुलाबाची फुलं उभी राहतात. आपल्याला या प्रकारचं नवल वाटायचं कारण नाही. डालडा आपल्या घरात १९३७ पासून आहे.

आता शास्त्राकडे वळतो. शास्त्र म्हणजे धर्मशास्त्र. शिळ्याला संस्कृतात ‘पर्युषित’ म्हणतात, रात्र ओलांडलेलं. शिळं खाऊ नये हा सामान्य नियम. पण मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात त्याला अपवाद आहेत आणि ते फार बोलके आहेत. ज्यात तूप-तेल आहे ते रात्र उलटली तरी चालतं. शिवाय जव-गव्हाचे आणि दुधाचे पदार्थ फार वेळ राहिले आणि त्यांत तूप नसलं तरी चालतात. म्हणजे बघा, गव्हाचं पीठ, साखर, दूध, लोणी: आपला केक मनूच्या कसोटीला दोन्ही बाजूंनी उतरतो! अंड्याचं काय ते तुम्ही आपापसांत ठरवा. (हशा) आमच्या घरी प्रवासाला दशम्या द्यायच्या, दुधात कणीक भिजवून केलेल्या. त्यांना पाण्यातल्या पोळीसारखा विटाळ नाही, दोन दिवस टिकतात. नियम आधी की अनुभव आधी, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना विचारत असे. माझं मत, अनुभव आधी. भारतरत्न काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात भोजनाचं प्रकरण आहे, ते जिज्ञासूंनी जरूर पाहावं.

गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस आहाराच्या यादीत ‘यातयाम’ असा शब्द येतो. याम म्हणजे प्रहर. शब्दशः घेतलं तर शिजवून प्रहर उलटलेलं, म्हणजे तीन तासांपूर्वीचं. शंकराचार्य मात्र त्याचा अर्थ अर्धवट शिजलेलं असा करतात, कारण निर्वीर्य झालेल्यासाठी त्याच श्लोकात वेगळा शब्द आहे, एकच गोष्ट दोनदा कशाला सांगायची? आणि सात्त्विक आहार ‘स्थिर’ असावा असं म्हटलंय, तिथे आचार्य सांगतात की स्थिर म्हणजे शरीरात फार काळ टिकणारा. फडताळात टिकणारा नव्हे! टिकणं हा शब्द कुठे लावायचा, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. याच्या उलट, श्रावणात शिळासप्तमीला चूल पेटवायचीच नाही, आदल्या दिवशीचं खायचं. म्हणजे शिळं हे नुसतं वाईट नव्हतं, एक दिवस त्याचा मान होता. त्या दिवशी बायकांना चुलीपासून सुट्टी मिळे, हा माझ्या मते त्या सणाचा खरा प्रसाद.

भट्टीच्या पावाची गोष्ट निराळी. पाव हा शब्द पोर्तुगिजांचा. तो कोण भाजतो, कुणाच्या पाण्याने मळतो, हाच मुद्दा होता, म्हणून पाव-केक शिळे असोत की ताजे, अनेक घरांत वर्ज्य. १८४९ च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग आदींनी परमहंस सभा काढली. जात मोडायची खूण म्हणून नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खायचा, मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. सगळं अर्थातच गुपचूप. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं समोर आली, नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि टिळक-रानड्यांपर्यंत सगळ्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं. आज त्यांच्याच पुण्यात लोक केकसाठी रांगा लावतात. एका बिस्किटाने केवढा प्रवास केला!

आता गारव्याकडे येतो. थंडीने अन्न टिकतं हे हिमालयात कुणालाही कळेल, सोलापूर जिल्ह्यात ते कळायला बोट लागली. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने तिकडच्या तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात पुरून १८३३ मध्ये कलकत्त्याला पाठवला, चार महिन्यांचा प्रवास. वाटेत बराच वितळला, तरी उरलेला विकला गेला. लगोलग मुंबईतही बर्फ आला. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, अशी बातमी मुंबई समाचारने दिली म्हणतात. घरगुती फ्रिज भारतात बनायला १९५८ उजाडलं, तो गोदरेजचा. आमच्यासारख्यांच्या घरात तो यायला आणखी पंचवीस वर्षं.

फ्रिज आला आणि आपण समजलो, शिळ्याचा प्रश्न मिटला. इथेच घोटाळा झाला, आणि केकचा दगड का होतो याचं उत्तर इथे आहे. पाव शिळा होतो म्हणजे वाळतो, असं सगळे धरून चालले होते. १८५२ साली बुसिंगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की पाणी उडू दिलं नाही तरी पाव शिळा होतोच, आणि शिळा पाव तापवला की पुन्हा मऊ होतो, जरी तापवताना पाणी आणखी कमी झालेलं असतं. तव्यावर शिळी भाकरी गरम करणाऱ्या प्रत्येक घरात हा प्रयोग रोज होतो. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन सैल होतो, गार झाल्यावर त्याच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटून ताठ होतात. नंतर नेदरलँडमध्ये कात्झ या संशोधकाने तपमानावर काम केलं. बेकरी कामगारांची रात्रपाळी बंद करायची तर पाव आदल्या दिवशी भाजून ताजा ठेवता आला पाहिजे, या गरजेतून ते काम पुढे आलं. त्यात निघालं असं, की फ्रिजमध्ये असतं तशा थंडीत पाव सगळ्यात लवकर शिळा होतो. खूप गरम ठेवला किंवा पार गोठवला, तर नाही. म्हणजे ज्या कपाटात आपण ताजेपणासाठी ठेवतो, तिथेच तो लवकर म्हातारा होतो. केकमध्ये साखर-लोणी असल्यामुळे ही क्रिया मंदावते, थांबत नाही. शिवाय थंडीत लोणी घट्ट होतं.

जाता जाता एक. तापवून मऊ झालेला पाव, तो पाव तोच की नवा? वैशेषिक म्हणतात, आचेने घडा परमाणूंपर्यंत सुटतो, परमाणूंत नवा रंग येतो, आणि मग नवा घडा जमतो. नैयायिक म्हणतात, छे, घडा आहे तसाच राहून पक्का होतो. पावाच्या बाबतीत मी वैशेषिकांच्या बाजूला झुकतो.

म्हणजे अडचण अशी: पावाला फ्रिज नको, क्रीमला फ्रिज हवाच. एकाच वस्तूत दोन धर्म. इंग्रजी पुस्तकात लिहिलेलं असतं, लोण्याचं आइसिंग असलेला केक ‘रूम टेंपरेचर’ला एक-दोन दिवस ठेवा. कुणाची रूम? त्यांची वीस-बावीस अंशांची. आपल्याकडे एप्रिलात पत्र्याखाली चाळीसच्या वर. शब्दाचं भाषांतर होतं, तपमानाचं होत नाही. पाच अंशांपासून साठपर्यंत जंतूंना सुकाळ असतो. दुधाच्या क्रीमचा केक दोन तासांवर बाहेर ठेवू नये, आणि हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्या उन्हाळ्याला ही एका तासाची अट लागू आहे, हे कृपा करून लक्षात ठेवा, कारण वाढदिवसाला लहान मुलंच जास्त असतात.

आता त्या तिसऱ्या दिवसाच्या मावशी. मनुस्मृतीचंच नाव घेतलं म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दहाव्या अध्यायात शूद्र सेवकाला उष्टं अन्न आणि जुनी वस्त्रं द्यावीत असं आहे. म्हणजे पाचव्या अध्यायात शिळं कोणी खाऊ नये याची एवढी बारकाई, आणि दहाव्यात ते कोणाला घालावं याची सोय. ताजं काय हा प्रश्न या देशात कधीच नुसता अन्नाचा नव्हता. गावकीच्या बदल्यात दारोदार मागितलेली शिळी भाकरी हा ज्यांचा हक्क म्हणवला जाई, त्यांना डॉ. आंबेडकरांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत सांगितलं की उष्टं-शिळं खाणं सोडा. त्याच परिषदेत लोक चवदार तळ्यावर गेले. पाण्याचा सत्याग्रह सगळ्यांना आठवतो, शिळ्या भाकरीचा नकार आपण विसरतो. मला तो पाण्याइतकाच मोठा वाटतो. त्या भाकरीला बुरशी होती की नव्हती, हा तिथला मुद्दाच नव्हता.

कुणी म्हणेल, सर, अन्न टाकून द्यायचं का? अजिबात नाही. द्यायचं असेल तर पहिल्या रात्री, कापतानाच, मोठा तुकडा वेगळा काढून द्या. गळीत हंगामात आपल्या गावाबाहेर ऊसतोड कामगारांच्या कोपी पडतात. ज्यांनी तोडलेल्या उसाची साखर त्या आइसिंगमध्ये आहे, त्यांच्या कोपीत फ्रिज नसतो. त्यांच्याकडे तिसऱ्या दिवशीचा क्रीम-केक गेला तर तो तासाभरात संपवावा लागतो, नाहीतर पोरं आजारी पडतात. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईवरही किती तारखेपर्यंत खावी हे लिहिणं दुकानदाराला सक्तीचं झालं. घरातून दिल्या जाणाऱ्या अन्नावर कोणी तारीख लिहीत नाही.

चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यातल्या दोन घेतो. एका भगिनींनी विचारलंय, ‘सर, मग केक ठेवायचा तरी कसा, ते सरळ सांगा.’ सांगतो. पुठ्ठ्याचं खोकं काढून टाका, ते ओल शोषतं आणि वास आत सोडतं. मोठा स्टीलचा डबा घ्या, उलटा वापरा: झाकणावर केक, वरून डबा. म्हणजे काढताना क्रीम पुसलं जात नाही. कापलेल्या बाजूला बटर पेपर चिकटवून लावा, वाळतो तिथूनच. कांद्या-लसणापासून लांब ठेवा, स्निग्ध पदार्थ वास पटकन धरतो. खायच्या आधी अर्धा तास डबा बाहेर काढा, पण उघडू नका. बाहेरच्या हवेतली ओल गार वस्तूवर दव होऊन बसते, ती डब्यावर बसू दे, आइसिंगवर नको. दोन-तीन दिवसांत संपवा. त्याहून जास्त ठेवायचा तर फ्रीझरमध्ये: आधी तासभर उघडा, आइसिंग कडक झालं की घट्ट गुंडाळून. आणि परत आणताना गुंडाळलेलाच रात्रभर खालच्या कप्प्यात.

दुसरी चिठ्ठी एका मुलाची दिसते. ‘अंटार्क्टिकाचा केक तुम्ही खाल्ला असता का?’ बाळा, शंभर वर्षं गोठलेला केक मनूला चालला असता, बुसिंगोला चालला असता. आमच्या घरी मात्र विचारावं लागेल. (हशा) आता अध्यक्षांचं भाषण आहे, मी थांबतो.